तिघांची कणीक

प्रश्न विचारून निरंजन थांबला होता आणि बैठकीच्या खोलीत कुणीच बोलत नव्हते. कॅमेरा चालू होता. ध्वनियंत्राच्या इवल्याशा पडद्यावरची रेघ आडवी पडली होती. कूलरच्या घरघरीखेरीज तिच्यात काही उमटत नव्हते. सोफ्यावर बसलेल्या प्रभाकर सरांच्या चेहऱ्यावर मघाचे हसू राहून गेले होते, पण आता ते त्यांचे वाटत नव्हते. शेजारच्या शोभाताईंनी पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. आत स्वयंपाकघरात कुणीतरी भांडी घासत होते. तो आवाजही नेमका तेव्हाच थांबला.

"आमच्या घरात तीस वर्षांत अन्नाचा एक कण कचऱ्यात गेलेला नाही," असे सर नुकतेच म्हणाले होते. आणि कॅमेऱ्याला डोळा लावलेल्या निरंजनने, मनात काही न धरता, सहज विचारले होते, "मग काका, जे उरतं ते कोण खातं?"

शेवटी शोभाताई हसल्या. "अरे, उरतंच कुठे? मोजूनमापून असतं आमचं सगळं."

"मोजमाप!" सरांना हवा तो शब्द सापडला. "तेच खरं सूत्र आहे. माणसं किती, भूक किती, तेवढंच चुलीवर चढवायचं."

"कट," मृणाल म्हणाली.

आतली भांडी पुन्हा वाजू लागली. वायर गुंडाळता गुंडाळता तिचा कॅमेरामन मित्र निरंजन तिच्या कानाशी पुटपुटला, "यार, बीच में ग्यारह सेकंड का पॉज़ आ गया."

"काट देंगे," ती म्हणाली. सरांची ती एकुलती मुलगी, आणि ही तिची पहिली फिल्म.

प्रभाकर सर निवृत्त मुख्याध्यापक. सिंधीपुरा या त्यांच्या मोहल्ल्यात त्यांना ओळखत नाही असा माणूस नाही. लग्नाच्या मांडवात ते माइक मागून घेत आणि 'ताटात टाकू नका' या विषयावर तीन मिनिटे बोलत. ती तीन मिनिटे कधीच तीन राहत नसत, म्हणून कॅटरर त्यांना लांबून पाहूनच पाण्याच्या टाकीमागे सटकत. पण सर ढोंगी नव्हते. ते स्वतः ताट इतके स्वच्छ करत की ते घासायचे की नुसते विसळायचे, असा प्रश्न पडावा. अन्नाच्या नासाडीवर फिल्म करायचे मृणालने ठरवले तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर पहिले चित्र आले ते वडिलांच्या ताटाचेच.

भोपाळच्या ज्या संस्थेने फिल्मला मदत देऊ केली होती, तिच्या अर्जात एक रकाना होता: 'चित्रपटात समाजाच्या सर्व घटकांचे प्रतिनिधित्व कसे साधणार?' मृणालने तो रकाना मनापासून भरला होता. माडीवरच्या खोलीत भिंतीला कागद लावून त्यावर नावे लिहिली होती. शाहपूरचा शेतकरी, ज्याची वाकडी केळी व्यापारी नाकारतो आणि जो ती बांधावर ओतून देतो. हॉटेलात ताटे विसळणारा कामगार. यंत्रमागावरची तीन भावंडे, एकाच डब्यात जेवणारी. नेपानगरजवळच्या पाड्यावरची आदिवासी म्हातारी, जी मोहाची फुले वर्षभर पुरवते. नानखटाई भाजणारा बेकरीवाला. एकेक नावापुढे बरोबरची खूण होत गेली.

"तेरी फिल्म है या जनगणना?" निरंजनने विचारले होते.

"हस. पण उद्या कुणी म्हणायला नको की अमुक माणूस सुटला."

त्या कागदावर ज्योत्स्नाकाकू नव्हती. तिला कुणी वगळले नव्हते. सुचण्यासाठी माणूस आधी दिसावे लागते.

ज्योत्स्ना ही सरांच्या धाकट्या भावाची, योगेंद्रची बायको. शाहपूरची मुलगी, विसाव्या वर्षी या घरात आली आणि बाविसाव्या वर्षी, केळीच्या ट्रकखाली योगेंद्रची मोटारसायकल सापडली तेव्हा, विधवा झाली. चौदाव्या दिवशी पाहुणे पांगल्यावर सासूने तिच्यापुढे आदल्या दिवशीची भाकरी ठेवली. ज्योत्स्नाने वर पाहिले. सासू रागाने बोलली नाही, एखाद्याला वाट दाखवावी तशी म्हणाली, "तुला आता कुणासाठी गरम खायचंय?"

एवढेच. त्यानंतर कुणी तो नियम पुन्हा उच्चारला नाही, त्याची गरजच पडली नाही. सासू गेली, घर पाडून नवे सिमेंटचे बांधले, चुलीच्या जागी गॅस आला, फ्रिज आला, आणि त्या एका वाक्याला बत्तीस वर्षे झाली. ज्योत्स्ना सगळ्यांचे झाल्यावर ओट्याशेजारी पाट घेऊन बसे आणि जे असेल ते खाई. सकाळी कालचे, संध्याकाळी सकाळचे. मृणाल लहानपणी पोळीच्या कडा टाकून उठे. त्या कडा कुठे जातात, हे तिने कधी विचारले नव्हते.

"तिला शिळंच आवडतं," असे घरात म्हटले जाई. अगदी प्रेमाने म्हटले जाई.

मे महिना होता. रस्त्यावरचे डांबर दुपारी चपलेला चिकटत होते. सोमवार आणि मंगळवार असे दोन दिवस सरांच्या जेवणाचे चित्रण ठरले: वरण-बट्टी, म्हणजे वरणाबरोबर खायचे कणकेचे खरपूस गोळे, वांग्याची भाजी, कढी, वर खव्याची मावा-जलेबी. मृणालला ताटातून वर जाणारी वाफ हवी होती. वाफ दिसली तरच अन्न जिवंत वाटते, असे तिचे म्हणणे. पण दिव्यांची जागा बदलेपर्यंत वाफ विरे. मग नवे ताट. सर एक घास घेत, मृणाल म्हणे, "बाबा, अजून एकदा," आणि ते ताट आत जाई, बाहेर नवे येई. पहिल्या दिवशी चार ताटे झाली, दुसऱ्या दिवशी तीन.

घास मोडलेले ताट म्हणजे उष्टे ताट. फ्रिजमध्ये देवाच्या नैवेद्याचे दूध-दही असे, म्हणून त्या घरात उष्टे फ्रिजमध्ये ठेवत नसत. ताटे ओट्यावर जाळीखाली झाकून राहिली. त्या उन्हात, त्या ओट्यावर, दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत.

"एवढं सगळं कसं संपायचं गं?" शोभाताई म्हणाल्या.

"संपंल ना, ताई," ज्योत्स्ना म्हणाली. "दोन दिस मले सैपाकाची चिंताच नाही."

दोघी हसल्यासुद्धा.

बुधवारी सकाळी मृणालला काकू न्हाणीच्या उंबऱ्यावर बसलेली दिसली. भिंतीला डोके टेकलेले, ओठ राखेसारखे. "काही नाही वं बेटा, जरा मळमळ," ती म्हणाली, आणि बोलता बोलता कलंडली. उलट्या मंगळवार दुपारपासूनच चालू होत्या. शूटिंगमध्ये आवाज नको म्हणून ती मागच्या अंगणात, नळ सोडून, ओकत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी धरली, पोट दाबले, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. "उशीर केला तुम्ही. अंगातलं पाणी संपलंय. काय खाल्लं होतं?"

"घरचंच," शोभाताई म्हणाल्या.

"सगळ्यांनी तेच खाल्लं?"

"हो. सगळ्यांनी तेच."

"मग एकट्या यांनाच कसं झालं?"

सर खिडकीतून बाहेर स्कूटरच्या रांगेकडे पाहत राहिले. शोभाताईंनी पर्समधून रुमाल काढला आणि पुन्हा ठेवला. मृणालने आईकडे पाहिले, मग वडिलांकडे. आणि लहानपणापासून तोंडपाठ असलेली एखादी ओळ पहिल्यांदाच समजावी तसे तिच्या आत काहीतरी सरकले.

दुपारी ती घरी आली आणि माडीवर जाऊन तिने चित्रणाच्या फायली उघडल्या. तिला वाफेचा शॉट शोधायचा नव्हता. ती कडा पाहत होती. चौकटीच्या उजव्या कडेला, स्वयंपाकघराच्या दारात, एक हात येई आणि ताट उचलून नेई. काचेच्या दोन बांगड्याही नसलेला हात. पुढच्या शॉटमध्ये तोच हात. त्याच्या पुढच्यात नुसती फिकट साडीची कड. शेतकरी, कामगार, भावंडे, पाड्यावरची म्हातारी, सगळ्यांना तिने चौकटीच्या मधोमध बसवले होते, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा उतरवला होता. आणि जिच्या मांडीवर ती वाढली, ती प्रत्येक वेळी कडेने कापली गेली होती.

मग ते अकरा सेकंद आले. सर हसू धरून बसलेले, आई पदर गुंडाळते आहे. आणि दोघांच्या मधून, मागे, उघड्या दारातून काकूची पाठ. हात भांड्यात थांबलेले, मान किंचित कलती. अकरा सेकंद ती पाठ हलली नव्हती. घरातल्या दोन माणसांना एक प्रश्न विचारला गेला होता आणि तिसरे माणूस उत्तराची वाट पाहत होते.

मृणाल खाली आली. शोभाताई परातीत कणीक काढत होत्या, दवाखान्यात डबा न्यायचा होता.

"आई, रोज किती वाट्या कणीक भिजवतेस?"

"सहा. माणशी दोन. का गं?"

"आपण चौघं आहोत."

शोभाताईंचा हात परातीत तसाच राहिला. त्यांनी मनातल्या मनात मोजले, हे मृणालला दिसले. "ज्योत्स्नाला असतंच की कालचं," त्या म्हणाल्या. आवाजात लपवाछपवी नव्हती, आणि तेच मृणालला सहन झाले नाही.

"आणि ज्या दिवशी कालचं नसतं?"

"तेव्हा... भागवतो आपण. मी काय तिला कधी नाही म्हटलं? तिच्या हातचं हिसकावलं का मी?" शोभाताईंचे डोळे भरून आले. "सासूबाई होत्या तेव्हा माप वेगळं होतं, तू इंदूरला होतीस तेव्हा वेगळं. माणसं बदलली तसं माप बदलत गेलं. तिचं तेवढं धरायचं राहून गेलं, मृणाल. खरंच सांगते, राहून गेलं."

बत्तीस वर्षे. रोज दोन वेळा.

चौथ्या दिवशी काकूच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली. सलाइनच्या थेंबांकडे पाहत ती पडली होती. मृणालने स्टूल ओढले.

"काकू, मी तुला फिल्ममध्ये दाखवू?"

"मले? मले कसाले वं? माझं काय पाह्यतीन लोकं?"

"मला दाखवायचंय."

"अशी नको दाखवू. हे नळी-बिळी लावेल. लोकं च् च् करतीन, अन् घरी जाऊन जेवतीन."

मृणालला हसू आले आणि त्याच श्वासात रडू. "मग कशी दाखवू? तू सांग. तू सांगशील तशी."

बाजूच्या खाटेवरची बाई नातवाला केळे सोलून देत होती, काकू तिकडे पाहत राहिली. मग अगदी हळू, काहीतरी अवाजवी मागते आहे अशा लाजेने म्हणाली, "जेवतानी दाखव. सगळ्यायसंगं बसेल. गरम बट्टी असते नं, मोडली का बोटं भाजतात, तशी." आणि लगेच तोंड फिरवून, "जाऊ दे वं. म्हातारचळ लागला मले."

मृणालने वडिलांना हे सांगितले तेव्हा तिने मनात भांडणाची तयारी केली होती. तिची गरज पडली नाही.

"अरे, त्यात काय!" सर म्हणाले. "आम्ही काय तिला परकं मानतो? घे की शॉट. ती घरी आली की पुढच्या रविवारी घे. उलट छान दिसेल, एकत्र कुटुंब."

पुढच्या रविवारी, काकू घरी येऊन चार दिवस झाल्यावर, कणीक चौघांची, आठ वाट्यांची भिजली, आणि शूटिंगसाठी वर आणखी थोडी. शोभाताईंनी आपली मोतिया रंगाची साडी ज्योत्स्नाला नेसायला दिली, स्वतःच्या हाताने निऱ्या नीट केल्या. टेबलाशी चार खुर्च्या होत्याच. चौथीवरचे वर्तमानपत्रांचे गठ्ठे उचलले गेले. काकू खुर्चीच्या कडेवर बसली, कुणी उठ म्हणेल तर पटकन उठता यावे अशी. सरांनी तिच्या बट्टीवर स्वतः तूप वाढले. "घ्या, संकोच करू नका." तिने बट्टी मोडली. वाफेचा लोट उठला, तिची बोटे भाजली, ती "उई माय" म्हणाली आणि हसली. मृणालने काकूला असे हसताना आयुष्यात पाहिले नव्हते. कॅमेऱ्यामागे निरंजनने शॉट चालूच ठेवला.

"क्या शॉट है, यार," तो नंतर म्हणाला, आणि सामान घेऊन नेपानगरच्या बसला गेला.

त्या शॉटने फिल्म संपवायची, असे मृणालने ठरवले. संध्याकाळी तिने तो तुकडा भोपाळला पाठवून पाहिला. त्यांचे उत्तर आले: सुंदर, आता सगळे घटक आले. तिने भिंतीवरच्या कागदावर तळाशी काकूचे नाव लिहिले. खूण मात्र केली नाही. उद्या करू, असे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती दुपारी खाली उतरली तेव्हा आई-बाबा जेवायला बसले होते. गरम पोळ्या, गवारीची भाजी. तिचे ताट वाढलेले होते. चौथ्या खुर्चीवर वर्तमानपत्रे परत आली होती.

काकू ओट्याशेजारी पाटावर होती. पुढ्यात कालच्या दोन बट्ट्या, वर आंबूस वासाचे वरण. डॉक्टरांनी सांगितलेली मऊ खिचडी चार दिवस झाली होती, रविवारची गरम बट्टी झाली होती; सोमवारी घर आपल्या जुन्या चाकोरीत, कसलाही आवाज न करता, परत उतरले होते.

"आई, आज काकूची कणीक धरली होतीस?"

"काल एवढ्या बट्ट्या उरल्या, त्या काय टाकून द्यायच्या?" शोभाताई ताटाकडे पाहत म्हणाल्या. "विचार तुझ्या बाबांना."

"चांगल्या आहेत वं बेटा," काकू घाईने म्हणाली. "सकाळीच वाफवल्या मी. तू बैस, जेव."

सरांनी पोळीचा तुकडा मोडला. "फिल्मचं काम झालं ना तुझं? झालं ना मनासारखं? मग आता रोजच्या गोष्टीत कशाला..."

"तो शॉट मी काढून टाकणार आहे, बाबा. खोटा आहे तो."

"खोटा कसा? काल ती बसली नव्हती?"

"बसली होती. काल."

ती टेबलापर्यंत गेलीच नाही. स्वयंपाकघरात शिरली, काकूच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली आणि काकूच्या ताटातली एक बट्टी तिने उचलली. बट्टी थंड होती, घट्ट. मोडायला दोन्ही हात लागले. काकू तिचे मनगट धरू लागली. मृणालने तुकडा वरणात बुडवला.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. प्रभाकर सर उठून दारात आले होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. खरीखुरी, बापाची भीती.

"मृणाल! ठेव ते. कालचं आहे. या उन्हात नासलं असेल, आजारी पडशील!"

तुकडा तिच्या ओठांशी थांबला. तिने वर पाहिले.

"काकूला चालतं, बाबा. मग मला का नाही?"

ज्योत्स्नानेही मान वर केली. बत्तीस वर्षांत थोरल्या दिराच्या चेहऱ्याकडे तिने असे सरळ कधी पाहिले नव्हते. तिच्या नजरेत गाऱ्हाणे नव्हते, तिला फक्त ऐकायचे होते. शोभाताई टेबलाशी हात धुवायचे विसरून उभ्या होत्या. हजारो मुलांना उत्तरे शिकवलेला तो माणूस एका स्त्रीकडून दुसरीकडे पाहत राहिला.

मग ते वळले, बैठक ओलांडली, चपला न घालताच तापलेल्या अंगणात उतरले आणि फाटक उघडून निघून गेले.